शांततेतलं पदक

पहिला दिवस : सांगली ते सातारा

अण्णा गाडीत बसायला तयार झाले ते एका अटीवर. वाटेत त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. १९७४ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, बेळगावला ट्रेनिंग झालं, २४ वर्षं नोकरी करून १९९८ मध्ये हवालदारकीवर पेन्शन आले. तेव्हापासून सांगलीत दोन एकर शेती, महिन्यातून एकदा कँटीन आणि रोज पहाटे पाचला उठून सगळ्या घराला उठवणं एवढाच कार्यक्रम. चार दिवस त्यांना बाहेर काढायचं, तर कारण तसंच लागतं. मी म्हटलं, "कर्नल संतोष महाडिक साहेबांच्या गावाला जाऊन येऊ." अण्णांनी पेपराची घडी घातली आणि विचारलं, "किती वाजता निघायचं?"

नोव्हेंबरची अखेर होती. ऊसतोड सुरू झालेली, त्यामुळं इस्लामपूरपर्यंत ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागं सरपटत जावं लागलं. पेठनाक्याला चहा झाला. कराडच्या अलीकडं रस्त्याच्या कामात पाऊण तास गेला. या पाऊण तासात मी अण्णांना तो प्रश्न विचारला. खरं तर त्याच्यासाठीच मी त्यांना बरोबर घेतलं होतं. महाडिक साहेब २०१५ मध्ये काश्मीरच्या जंगलात दहशतवाद्यांशी लढताना गेले, तेव्हा ते बटालियनचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर होते. सीओ म्हणजे शेकडो जवानांचा मालक. त्याच्या खाली कंपन्या, कंपन्यांवर मेजर, खाली सुभेदार, हवालदार. मग दहशतवाद्यांना शोधायला जंगलात गेलेल्या तुकडीबरोबर खुद्द सीओ कशाला होता? मागं राहून वायरलेसवर हुकूम देता आला नसता का?

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी हापिसात काम करणारी मानसं." एवढंच. साताऱ्यापर्यंत दुसरं बोलणं नाही.

दुपारी सदर बझार भागात सैनिक स्कूलच्या फाटकासमोर गाडी लावली. आत जायला आधी परवानगी काढायला हवी होती, ती मी काढलेली नव्हती. चूक माझीच. बाहेरूनच बघितलं. २३ जून १९६१ रोजी सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. सहावीत आणि नववीत प्रवेश, परीक्षा देऊन. गेल्या काही वर्षांपासून मुलींनाही घेतात. हवाईदलाचे प्रमुख झालेले प्रदीप नाईक इथलेच. २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते लेफ्टनंट जनरल राजेंद्र निंभोरकरही इथलेच. आणि महाडिक साहेब, म्हणजे पोगरवाडीचा संतोषही इथलाच. फुटबॉलमध्ये तो गोलकीपर, शिवाय बॉक्सिंग आणि घोडेस्वारी करायचा. गोलकीपर हे वाचलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं होतं. अकरा जणांत एकट्यालाच पुढं पळायची मुभा नसते.

फाटकातून पोरं रांगेनं ग्राउंडवर चाललेली दिसत होती. अण्णांनी त्यांच्या पायांकडं बघून निकाल दिला, "तिसरा पोरगा पाऊल चुकतोय."

संध्याकाळी शिवाजी संग्रहालयात गेलो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये आधी इथंच आणली होती आणि तेव्हा म्हणे तोबा गर्दी होती. ती बघायची आमची राहूनच गेली. पण वाघनखांचं नाव निघालं तशी अण्णांची कळी खुलली. महाडिक साहेब ज्या पलटणीत अधिकारी म्हणून गेले ती २१ पॅरा, स्पेशल फोर्सेस. तिची ओळखच वाघनख. ही पलटण मुळात २१ मराठा लाइट इन्फन्ट्री, १९९६ मध्ये ती स्पेशल फोर्सेस झाली. अण्णा सांगत होते, "आमच्यातलीच पोरं गेली तिकडं. पास हुईपर्यंत जीव काढत्यात. झोप न्हाई, जेवान न्हाई, पाठीवर वजन. निम्म्याच्या वर माघारी येत्यात." अण्णांनी स्वतः प्रयत्न केला होता का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

रात्री लॉजवर उकाडा नव्हता, डास होते.

दुसरा दिवस : पोगरवाडी

पहाटे पाचला अण्णांनी उठवलं. सहाला आम्ही रस्त्याला होतो. मागं अजिंक्यतारा धुक्यात अर्धा बुडालेला, रस्त्याच्या दोन्ही अंगाला पोटरीला येऊ लागलेला शाळू. पोगरवाडी साताऱ्यापासून फार लांब नाही, पण शहर मागं पडलं की एकदम मागं पडतं. वळणावर दूध घेऊन चाललेल्या एका माणसाला रस्ता विचारला. "कर्नल साहेबांच्यात का?" असं त्यानंच विचारलं आणि सायकल न थांबवता हातानं दिशा दाखवली.

१५ जानेवारी १९७७ चा जन्म. घराणं घोरपड्यांचं. आजोळी दत्तक गेले आणि महाडिक झाले. हे मी वाटेत अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे दोन घरांचा ल्योक." मला ते पटलं. पुढं त्यात एक पलटण आणि एक बायको-पोरांचं घर आलं, म्हणजे चार घरं झाली.

२००३ मध्ये ईशान्य भारतात बंडखोरांविरुद्धच्या ऑपरेशन ऱ्हायनो या मोहिमेतल्या कामगिरीसाठी त्यांना सेना मेडल मिळालं. म्हणजे शौर्याचं पहिलं पदक विशीतलंच. पुढं बढत्या होत होत कर्नल, आणि काश्मीरमध्ये कुपवाड्याला ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर. राष्ट्रीय रायफल्स, फौजेच्या भाषेत आरआर, १९९० मध्ये उभी राहिली ती खास दहशतवादाशी लढायला. तिची स्वतःची भरती नसते. निरनिराळ्या रेजिमेंटचे जवान दोन-तीन वर्षांसाठी तिथं जातात आणि परत आपल्या पलटणीत येतात. मात्र प्रत्येक बटालियनचा गाभा एका रेजिमेंटचा असतो आणि ४१ चा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा. म्हणजे साताऱ्याच्या या माणसाच्या हाताखाली सातारा, सांगली, कोल्हापूरची पोरं. सीओ साहेब मराठीत रागवायचे, असं एखाद्या जवानानं घरी सांगितलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

तिथल्या पोरांनी बंदुकीकडं जाऊ नये म्हणून ते खेळ, पर्यटन, रोजगार यांत लक्ष घालत, हेही तेव्हा पुष्कळ छापून आलं होतं. अण्णांना या भागात रस नव्हता. त्यांना जंगल कसं होतं ते ऐकायचं होतं.

१३ नोव्हेंबर २०१५ च्या सुमारास कुपवाड्याच्या मनीगाहच्या जंगलात, हाजी नाका भागात, दहशतवाद्यांशी गाठ पडली. नियंत्रण रेषा तिथून जवळ. झाडी दाट, चढ उभा, थंडी पडलेली. दिवसामागून दिवस शोध चालू राहिला. १७ तारखेला कर्नल महाडिक शोधाच्या तुकडीबरोबर पुढं होते. गोळीबार झाला, त्यात ते जबर जखमी झाले. दवाखान्यात नेलं, पण वाचले नाहीत. वय ३८. दोन दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, याच गावात सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आले होते. त्या दिवशीचे फोटो मला आठवतात. डोंगरउतारापर्यंत माणसंच माणसं.

आज तिथं आम्ही दोघं आणि एक कुत्रं.

अण्णा सावधानमध्ये उभे राहिले. मी मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. अर्ध्या मिनिटानं अण्णांचा हात माझ्या खांद्यावर आला. मला वाटलं भावनेनं. पण गुडघा आखडला होता. तसेच माझ्या आधारानं ते पुरतं मिनिटभर उभे राहिले आणि मग "विश्राम" असं स्वतःलाच पुटपुटून पायरीवर बसले.

बसल्यावर त्यांनी कालच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सुरुवात केली. मी ते जमेल तसं इथं देतो. शिव्या काढल्या आहेत.

"मी आरआरला दोन वर्सं होतो, काश्मीरला. एकदा नाल्यात घेरा टाकला. रातभर पडून. सकाळच्याला आत कोन जानार? तुला सांगतो, पयला जो जातो त्याला मरान दिसतंय. दिसतंयच. पोरं एकमेकाकडं बगत न्हाईत, बुटाकडं बगत्यात. आमचा साहेब आला, कंपनी कमांडर, म्हनला, चला माझ्यामागं. चला पुढं, न्हाई म्हनला. माझ्यामागं म्हनला. त्या दोन शब्दांत समदं आलं. आता तू म्हन, वायरलेसवरनं माझ्यामागं म्हनता येतंय का?"

"पण तो कंपनी कमांडर होता. इथं तर सीओ."

"मग? चार दीस घावना झाल्यावर पोरं थकत्यात. थकली की चुकत्यात. तवा साहेब सोता येतो. हुकमापरास त्येची सावली लागती." मग थोडं थांबून म्हणाले, "आनि खरं सांगू का, स्पेशल फोर्सचा मानूस. खुर्चीत बसवलास तर आजारी पडंल."

हे सगळं मला पूर्ण पटलं असं नाही. सेनापतीनं मागं राहणं यालाही अर्थ असतोच. एक सीओ गेला की आख्खी पलटण एका दिवसात पोरकी होते. अण्णांना तसं म्हटलं. ते "व्हय" म्हणाले. वाद घातला नाही. ही दोन्ही उत्तरं खरी असतील, आणि त्या जंगलात कुठलं धरायचं ते ठरवायला फार थोडा वेळ असेल.

२०१६ च्या प्रजासत्ताक दिनाला मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झालं. ब्राँझचं गोल पदक, हिरवी फीत आणि तिच्यावर तीन केशरी रेघा. फितीवरच्या रेघा अण्णांना तोंडपाठ. एक रेघ अशोकचक्राची, दोन कीर्तिचक्राची, तीन शौर्यचक्राची. १९५२ मध्ये ही पदकं सुरू झाली तेव्हा अशोकचक्र वर्ग पहिला, दुसरा, तिसरा अशीच नावं होती. रेल्वेच्या डब्यासारखी. १९६७ मध्ये आताची नावं दिली. आणि या तिन्हींची कागदोपत्री व्याख्या अशी, की शत्रूसमोरच्या युद्धाखेरीज गाजवलेलं शौर्य. म्हणजे साध्या भाषेत शांतताकाळातलं. परमवीर, महावीर, वीर ही युद्धाची. अशोक, कीर्ती, शौर्य ही शांततेची.

मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. अण्णा हसले. हसू बरं नव्हतं.

गावातून निघताना एका ओसरीवर आजीबाई पोह्यांची ताटली घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कुठले विचारलं, सांगलीचे म्हटल्यावर "लांबनं आलाय" म्हणून चहा पाजला. त्यांच्या बोलण्यात कर्नलपेक्षा त्यांच्या पत्नीचंच नाव जास्त आलं. ते साहजिक आहे. स्वाती महाडिक यांनी नवरा गेल्यावर ठरवलं की आपणही सैन्यात जायचं. वय भरतीच्या मर्यादेच्या पुढं गेलेलं. ती अट त्यांच्यासाठी शिथिल झाली, पण परीक्षा, मुलाखत आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतलं खडतर ट्रेनिंग काही शिथिल झालं नाही. त्यांच्याबरोबर धावणाऱ्या मुली विशी-बाविशीतल्या, या पस्तिशी ओलांडलेल्या, दोन मुलांची आई. ९ सप्टेंबर २०१७ ला त्या लेफ्टनंट झाल्या, आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये. ऑर्डनन्स म्हणजे दारूगोळा, हत्यारं, कपडालत्ता, सगळ्या पुरवठ्याचं खातं. अण्णांच्या शब्दांत, "जे न्हाई आलं तर पलटन उपाशी आनि उघडी."

आजी म्हणाल्या, "रडत बसली न्हाई बया." मग जरा वेळानं, "रडली आसंल. आपल्याला काय ठावं."

परत साताऱ्यात येऊन कंदी पेढे घेतले. एवढ्या सगळ्यावर पेढे घ्यायचे का, असा मला संकोच. अण्णांना नाही. दोन पुडे घ्यायला लावले.

तिसरा दिवस : अपशिंगे मिलिटरी आणि कराड

गावाच्या नावातच मिलिटरी आहे. एसटीच्या पाटीवरही, सरकारी कागदावरही. सातारा तालुक्यातलं अपशिंगे. पहिल्या महायुद्धात इथले ४६ जवान कामी आले असं गाव सांगतं. त्यासाठी इंग्रज सरकारनं बसवलेली स्मृतिशिला आहे. त्यानंतरही दर पिढीत घरटी कोणीतरी फौजेत. दुसरं महायुद्ध, बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर, यादी वाढत गेली.

एका खेड्यातले ४६. आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांतले कर्ते पुरुष मोजले तरी तेवढे भरतील का, हे मी मनात मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं. त्या युद्धात मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या, आपल्याकडचे म्हातारे ज्याला नुसतं बसरा म्हणायचे. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ मराठा अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळजवळ पाच महिने. खायला काही उरलं नाही तेव्हा घोडी कापली. अपशिंग्याचा कोणता जवान कुठं पडला ते शिळेवरून कळत नाही. पण तैग्रिसच्या काठी भाकरी आठवत बसलेला उरमोडीकाठचा पोरगा डोळ्यांसमोर येतो, आणि त्याचं युद्ध कुणाचं होतं हा प्रश्नही येतो. अण्णांना हा प्रश्न पडत नाही. पगार घेतला की युद्ध आपलं, असा त्यांचा हिशेब.

इथं अण्णा रमले. पारावर तीन पेन्शनर बसलेले. पाच मिनिटांत पलटण, साल, पोस्टिंग, सुभेदार मेजर कोण होता इथपर्यंत गाडी पोचली. मला त्यातलं काही कळेना, म्हणून मी गाडीत जाऊन झोपलो. दीड तासानं उठलो तेव्हा विषय ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या गोळ्यांवर आला होता.

कराडला पोचायला दुपार टळली. मध्ये एक पंक्चर. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भिडतात, कुस्तीच्या जोडीसारख्या, आणि मग एकमेकींना धरून काटकोनात वळतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी. माझ्या यादीत ती होतीच, कारण साताऱ्याची सैनिक शाळा निघाली तेव्हा मुख्यमंत्री तेच. पुढच्याच वर्षी, चीनच्या युद्धात, नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांना दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून जावं लागलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य शाळेत प्रत्येकानं भाषणात घुसवलेलं असतं. मीही. ते शौर्याबद्दलचं वाक्य आहे असं तेव्हा वाटायचं. आता वाटतं ते प्रवेशपरीक्षा, वसतिगृह, तंबू, बूट आणि बजेट यांच्याबद्दलचं आहे. वाडीवरचा पोरगा अधिकारी व्हायला आधी कुणीतरी एक शाळा बांधावी लागते.

घाटावर भेळ खाल्ली. अण्णांनी नदीला नमस्कार केला, समाधीला केला आणि भेळवाल्याला मिरची कमी टाकल्याबद्दल झापलं.

चौथा दिवस : देवराष्ट्रे, मणेराजुरी, घर

कराडहून सरळ सांगलीला न येता देवराष्ट्र्यावरून वळसा घेतला. यशवंतराव जन्मले ते हे गाव, त्यांचंही आजोळ. घर साधं, बघायला दहा मिनिटं लागतात. अण्णांनी बाहेरूनच बघितलं.

मग तासगावच्या बाजूनं मणेराजुरी. इकडं सगळ्या द्राक्षबागा. ही अण्णांची मागणी होती. कारण त्यांनी आदल्या रात्री सांगितलं, "साहेब झाले, आता शिपाई बघू."

शिपाई पांडुरंग साळुंखे, १५ मराठा लाइट इन्फन्ट्री. डिसेंबर १९७१, पंजाबच्या सरहद्दीवर डेरा बाबा नानक भागातलं बुर्ज. पाकिस्तानी सैन्याचा रॉकेट लाँचर जवळून आपल्या जवानांवर आग ओकत होता. हा गडी त्या लाँचरवाल्याच्या अंगावर धावून गेला, गोळ्या लागल्या तरी लाँचर हिसकावला आणि तिथंच पडला. वय २१. मरणोत्तर महावीरचक्र. अर्धी पांढरी, अर्धी केशरी फीत.

म्हणजे पदकांच्या उतरंडीत मणेराजुरीचा २१ वर्षांचा शिपाई पोगरवाडीच्या कर्नलपेक्षा वर. मला ते छान वाटलं. सैन्यात एवढी एकच जागा असावी जिथं हुद्दा विचारत नाहीत. अण्णांना छान वगैरे वाटलं नाही. ते बराच वेळ काही हिशेब करत होते. मग म्हणाले, "दोगंबी पळतच गेलं. एक पाकिस्तानवर गेला, एक जंगलात. गोळीला ठावं नव्हतं कुठलं युद्ध आनि कुठली शांतता."

"हो, पण अण्णा, नियम करणाऱ्यानं कुठंतरी रेघ ओढायलाच..."

"ओढूदे की. मी कुठं न्हाई म्हनतो."

बेदाण्याच्या शेडजवळ गाडी थांबवून त्यांनी पाव किलो बेदाणे घेतले. गाडीत बसल्यावर एक-एक खात, रस्त्याकडं बघत, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती काकूंनाही माहीत नसावी. पेन्शन आल्यावर कुठलासा फॉर्म भरायचा होता. माजी सैनिकाचं नाव, नंबर, हुद्दा, सेवा किती. त्यात एक रकाना होता, युद्धात भाग घेतला आहे काय. अण्णा एकाहत्तरनंतर भरती झाले आणि कारगिलच्या आधी पेन्शन आले. मधल्या २४ वर्षांत कागदावर युद्ध नाही.

"त्या नाल्यात आमची दोन पोरं गेली," ते म्हणाले. "एक शिराळ्याचा, एक पाटनचा. शिराळ्याचा माझ्या शेजारी झोपायचा, रोज रातच्याला घोरायचा. पेटी मीच घिऊन आलो त्येच्या घरला."

"मग काय लिहिलं तुम्ही रकान्यात?"

"न्हाई आसं लिवलं. काय लिवनार?"

मिरजेच्या अलीकडं त्यांनी गाडी कडेला घ्यायला सांगितली. पाय सरळ करून दाराला धरून उभे राहिले. मी अट मोडून गुडघ्याचं विचारलं. त्यांनी बेदाण्याचा पुडा पुढं केला, "खा. गोड हाईत."